भांडणाचा तास

एकदा एक शिष्य आपल्या आचार्यांना न विचारताच एका गावाला वचन देऊन बसला. वचनही साधंसुधं नव्हे. "एका वर्षात तुमच्या गावात शांती नांदेल," असं तो भर चावडीवर बोलून गेला. तरुण वय, अध्ययन नुकतंच पूर्ण झालेलं, अहिंसेवरचे सगळे श्लोक मुखोद्गत. अशा वेळी जीभ जरा पुढे धावतेच.

आता ते गाव काही शांततेसाठी प्रसिद्ध नव्हतं. वरची आळी आणि खालची आळी अशा दोन आळ्या, आणि दोघींमध्ये विस्तव जात नव्हता. वैर कशाचं, तर पोळ्याच्या मानाचं. पोळ्याच्या दिवशी गावातले सगळे बैल न्हाऊन, शिंगं रंगवून, अंगावर झुली घालून आंब्याच्या पानांच्या तोरणापाशी उभे करतात. मानकऱ्याची जोडी सर्वांआधी तोरणाखालून जाते, म्हणजे पोळा फुटतो, आणि मग प्रत्येकाने आपले बैल घरी पुरणपोळी खायला न्यायचे, अशी रीत. या गावात मानकरीच दोन. वरच्या आळीचे दाजीबा म्हणत मान आमचा, खालच्या आळीचे उदेभान म्हणत मान आमचा. मग झडत्या सुरू होत. झडत्या म्हणजे बैलांपुढे उभं राहून ठेक्यात म्हणायची पदं. एरवी मोठी गमतीची असतात. पण इथे एका आळीची झडती दुसरीच्या पणज्यापर्यंत पोचायची, आणि पणज्यापर्यंत पोचली की काठ्या निघायच्या. गेल्या पोळ्याला तोरण तसंच लटकत राहिलं, चारपाच डोकी फुटली आणि बैल बिचारे उपाशीपोटी घरी परतले.

शिष्याचं वचन ऐकून पाटील मिशीतल्या मिशीत हसले. म्हणाले, "माझं धान्याचं कोठार रिकामं आहे, गुरुजी. घ्या शाळेला. दोन्ही आळ्यांची पोरं बसवा. पण येत्या पोळ्याला काठ्या निघाल्या, तर दुसऱ्या दिवशी कोठार मला परत. आणि या गावात दोन आळ्यांची पोरं एका छपराखाली बसवायचा नाद पुन्हा कोणी करायचा नाही."

शिष्याने मोठ्या आनंदाने होकार दिला. त्याला वाटलं, वर्ष म्हणजे केवढा काळ.

शाळा भरली. आईबाप कुरकुरत का होईना, मुलं धाडू लागले. आणि आठवडाभरातच शिष्याचा त्या मुलांवर जीव जडला. दाजीबांची नात भागू, जिला अक्षरं एकदा दाखवली की पुरे व्हायचं. उदेभानांचा नातू नथू, ज्याला काहीही दहादा सांगावं लागायचं पण अकराव्यांदा तो असा प्रश्न विचारायचा की गुरुजीच गप्प. अशी ती मुलं. त्यांना तो रोज सकाळी अहिंसेचे श्लोक म्हणायला लावी. त्यांचा अर्थ सांगे. शाळेत भांडायचं नाही, हा नियम. कोणी भांडलंच, तर दोघांनी हातात हात घेऊन "आम्ही मित्र आहोत" असं सर्वांसमोर म्हणायचं. हळूहळू शाळा इतकी शांत झाली की रस्त्याने जाणारे लोक थांबून कौतुक करू लागले. शिष्य भरून पावला. श्रावण लागता लागता त्याने आचार्यांना निरोप धाडला की एकदा यावं आणि आपल्या डोळ्यांनी पाहावं.

आचार्य आले. वृद्ध होते, पण पायी आले. मुलांनी हात जोडले, डोळे मिटले आणि प्राणिमात्रांवर दया करण्याचा श्लोक एका सुरात म्हटला. उच्चार असे शुद्ध की कान तृप्त व्हावेत. शिष्याने अभिमानाने आचार्यांकडे पाहिलं. आचार्य मात्र दुसऱ्या ओळीकडे पाहत होते. तिथे भागू डोळे मिटून, एकही अक्षर न चुकता, पुढे बसलेल्या नथूच्या पाठीत पायाचा अंगठा रुतवत होती. आणि नथूचंही एक अक्षर चुकत नव्हतं, ही आणखी विशेष गोष्ट.

शाळा सुटल्यावर आचार्य म्हणाले, "चल, नदीवर फिरून येऊ." दोघे नदीच्या वळणावर पोचले तर पुढे हा कल्लोळ. सगळी शाळा वाळूत लोळत होती. कोणी कोणाचे केस धरलेत, कोणी कोणाच्या डोळ्यांत वाळू फेकतोय. आचार्यांनी एका बाजूने नथूला आणि दुसऱ्या बाजूने भागूला उचलून वेगळं केलं आणि विचारलं, "काय झालं रे?"

"ही म्हणते, वरची आळी जास्त अहिंसक आहे," नथू धापा टाकत म्हणाला.

"आहेच," भागू म्हणाली.

"आणि इथे का भांडता?"

नथूला प्रश्नच समजला नाही. "शाळेत भांडायचं नसतं ना, आजोबा. गुरुजींना वाईट वाटतं. म्हणून आम्ही इथे येतो."

"रोज?"

"बाजाराच्या दिवशी नाही. त्या दिवशी सुट्टी."

आचार्य हसू लागले. हसता हसता त्यांना उभं राहवेना, तेव्हा ते वाळूतच बसले. त्यांचं पाहून मुलंही हसू लागली. एकटा शिष्य तेवढा मागे उभा होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं होतं. आणि पोळा तर तोंडावर आला होता.

दुसऱ्या दिवशी आचार्यांनी जे केलं, त्याने शिष्याचं उरलंसुरलं अवसानही गळालं. ते मुलांना म्हणाले, "आजपासून श्लोक बंद. पहिला तास भांडणाचा."

कोठारासमोर कडुनिंबाचा पार होता. आचार्यांनी सांगितलं की ज्याचं ज्याच्याशी भांडण असेल त्या दोघांनी या पारावर चढायचं आणि सगळ्या शाळेदेखत भांडायचं. खरंखुरं भांडायचं, मिळमिळीत नाही. नियम फक्त एक. आपली बाजू मांडायची नाही. समोरच्याची मांडायची. अशी मांडायची की समोरच्याने स्वतः म्हणावं, "बरोबर मांडलंस." तो तसं म्हणेपर्यंत खाली उतरायचं नाही. मग दुसऱ्याची पाळी.

शिष्याने आचार्यांना बाजूला नेलं. "आचार्य, वर्षभर मी यांच्यातलं भांडण पुसत आलो. तुम्ही तेच शिकवायला निघालात. पोळ्याला काठ्या निघाल्या तर ही शाळा जाईल."

"हो, जाईल," आचार्य म्हणाले.

"मग का?"

"पोळ्यानंतर विचार."

गुरूपुढे जास्त बोलायचं नाही, हे अंगात भिनलेलं. पण शिष्याचं पडलेलं तोंड काही लपत नव्हतं, ते मुलांनी पाहिलं.

पहिल्या दिवशी पारावर चढली ती अर्थातच भागू आणि नथू. भांडण भोवऱ्याचं. भागूचा भोवरा नथूने घेतला होता आणि त्याची खालची लोखंडी आर मोडून परत दिला होता. नथूने घसा खाकरला. "भागूचं म्हणणं असं आहे की ती बावळट आहे."

शाळा खदखदून हसली. भागू म्हणाली, "चूक. पुन्हा मांड."

"भागूचं म्हणणं असं की भोवरा तिचा होता."

"ते तर आहेच. पुढे?"

पुढे काय, हे नथूला येईना. तो डोकं खाजवत उभा राहिला. मुलं कंटाळली, ऊन पारावर आलं, नथूला भूकही लागली. भागू मात्र ढिम्म. शेवटी त्यालाच तिला विचारावं लागलं, "तुला एवढं काय त्या भोवऱ्याचं?" मग तिने सांगितलं. तिचा मामा दूर कुठे कामाला गेला होता, जाताना त्याने तो भोवरा स्वतः कोरून दिला होता, आणि मामा केव्हा येईल ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. नथूने ते सगळं पुन्हा आपल्या तोंडाने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज जरा खाली आला. भागू म्हणाली, "बरोबर मांडलंस." मग तिने त्याची बाजू मांडली, म्हणजे नथूला कोणी कधी भोवरा दिलाच नव्हता, हे. ती मांडून होईतो भांडणाला धार अशी उरलीच नव्हती.

सगळी भांडणं अशी विरघळत होती, असं मात्र समजू नका. काही उरायची. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा पारावर यायची. पण मुलांना या खेळाची अशी गोडी लागली की सकाळी सगळ्यांत आधी येऊन पारापाशी रांग लावू लागली. काही तर नंबर लागावा म्हणून खोटी भांडणं जुळवून आणत. आचार्य ती बरोबर ओळखत आणि म्हणत, "उसनं भांडण चालायचं नाही. घरचं घेऊन या." नदीवरची वाळू मात्र रिकामी पडली.

गावात अर्थातच बोभाटा झाला. काही आया कमरेला पदर खोचून शाळेत आल्या. एक म्हणाली, "भांडण तर घरी फुकट शिकतात. त्यासाठी शाळा कशाला पाहिजे, बाप्पा?"

"घरी शिकतात ते अर्धंच असतं, माय," आचार्य म्हणाले आणि तिला पारासमोर बसायला जागा करून दिली. ती बसली. दुसऱ्या दिवशी जावेला घेऊन आली. तिकडे पाटील मात्र कोठाराच्या किल्लीला तेल लावून बसले होते.

पोळ्याचा दिवस उजाडला. दुपार कलली तसे बैल कोठारापलीकडच्या तोरणापाशी जमले. घुंगरमाळा वाजत होत्या, शिंगांना बेगड चमकत होती, पुरणाचा वास साऱ्या गावावर पसरला होता, आणि प्रत्येक गड्याच्या हाताशी, बैल हाकायला लागते त्याहून बरीच जाड अशी काठी होती. शिष्याला ती दिसली. आचार्य मुलांच्या घोळक्यात, बैलांची चित्रविचित्र शिंगं बघण्यात रमले होते.

झडत्या सुरू झाल्या. वरची आळी एक म्हणे, खालची तिला सवाई म्हणे. हसण्याचं ओरडणं झालं. दाजीबा ओरडले, "गाव आमच्या पूर्वजांनी वसवलं. पहिलं तोरण आम्ही बांधलं. मान आमचा." उदेभान ओरडले, "गावाने मान आमच्या घराण्याला दिलाय. सगळ्यांना ठाऊक आहे." "कोण सगळे?" "तुझा पणजा." झालं, पणजा आला. काठ्या वर गेल्या.

आणि तेवढ्यात मुलं हसली.

टिंगल म्हणून नव्हे. त्यांना खरोखरच हसू आवरेना. भागू पुढे आली आणि म्हणाली, "आजोबा, हे काय भांडण झालं? तुम्ही दोघंही आपलंच सांगताय."

"असं आम्ही पहिल्या दिवशी भांडायचो, आबा," नथू उदेभानांना म्हणाला. त्याला आजोबांची जरा लाजच वाटत होती.

हवेत उगारलेली काठी आणि समोर हसणारी पोरं, याहून अवघड अवस्था मोठ्या माणसाची दुसरी नसावी. काठी खाली घ्यावी तर नामुष्की, मारावी तर कोणाला? गडी तसेच उभे राहिले. त्या क्षणी शिष्य पुढे झाला. कसा झाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दोन आळ्यांच्या मधे उभा राहून त्याने हात जोडले.

"मी शाळेसाठी सांगत नाही," तो म्हणाला. "कोठार उद्या जायचं तर जाईल, मी वचन दिलं तेच मूर्खपणाचं होतं. पण एकदा या मुलांच्या रीतीने भांडून पाहा. नाही जमलं, तर काठ्या आहेतच हातात."

या शेवटच्या वाक्याला मात्र दोन्ही आळ्यांत खसखस पिकली. पाटील म्हणाले, "बघू तर खरं." मुलांनी पळत जाऊन पार झाडला.

दोन म्हातारे पारावर चढले. नियम भागूने सांगितला. दाजीबांची पाळी आधी. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "उदेभानचं म्हणणं असं की, एका साली गुरांची साथ आली. गावातले सगळे बैल गेले. एक जोडी वाचली, ती यांच्या पणज्याची. त्या जोडीने सगळ्या गावाची शेतं नांगरली. म्हणून गावाने त्यांना मान दिला." ते थांबले. मुलं वाट बघत होती, कारण उदेभानांनी अजून 'बरोबर' म्हटलं नव्हतं. दाजीबांनी एक सुस्कारा टाकला. "आणि पहिलं शेत नांगरलं ते आमचं. यांनी स्वतःच्या शेतात औत घालायच्या आधी आमच्या शेतात घातलं. नाहीतर त्या साली आमचं घर बसलं असतं."

उदेभान बघतच राहिले. "हे तर मलाही ठाऊक नव्हतं. तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या बापाने. आणि तुम्हा लोकांना कधी कळू द्यायचं नाही, असंही सांगितलं."

"बरोबर मांडलंस," उदेभान हळूच म्हणाले.

आता त्यांची पाळी. "दाजीबाचं म्हणणं असं," त्यांनी सुरुवात केली. "मान दिला गावाने, पण काढून घेतला तो यांच्याकडून. आणि काढून घेताना यांना कोणी सांगितलंच नाही. त्या पोळ्याला यांचे बैल सजून दारात उभे होते. बोलावणं येईल म्हणून घरातली सगळी माणसं वाट बघत बसली. इकडे पोळा फुटला. बोलवायला कोणी गेलंच नाही. माझी आजी हे सांगताना रडायची. म्हणायची, एक माणूस धाडायला हवा होता."

दाजीबांचे ओठ थरथरले. ते 'बरोबर' म्हणाले की नाही, कोणाला ऐकू आलं नाही. कारण उदेभान तोवर पारावरून उतरले होते. ते वरच्या आळीच्या बैलांपाशी गेले, दाजीबांच्या जोडीचा कासरा त्यांनी आपल्या हातात घेतला आणि वळून म्हणाले, "चल दाजी. बोलवायला आलोय."

दोघे मिळून त्या जोडीला तोरणाखालून घेऊन गेले. पोळा फुटला. असा ओरडा झाला की बैलही क्षणभर बिचकले. पुढच्या वर्षी मान कोणाचा, यावर तिथल्या तिथे पुन्हा वाद निघाला, नाही असं नाही. पण तो काठ्या टाकून निघाला. पाटील शिष्यापाशी आले आणि त्याच्या हातात कोठाराची किल्ली ठेवून म्हणाले, "धान्य मी वाड्यात रचीन. बायको बोलेल, पण तिची बाजू आता मांडून बघतो."

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता, म्हणजे पोरांचा पोळा. मुलं आपापले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत शाळेच्या अंगणात जमली. शिष्य आनंदाने सगळ्यांच्या हातावर खाऊ ठेवत होता. नथू त्याला म्हणाला, "गुरुजी, एक भांडण राहिलंय."

"कोणाचं?"

"तुमचं. मोठ्या गुरुजींशी. श्लोक बंद झाले तेव्हा तुमचं तोंड आम्ही पाहिलंय."

शिष्य नाही नाही म्हणत होता, पण आचार्य पारावर चढूनही बसले होते. मग काय, शिष्यालाही चढावं लागलं. त्याने हात जोडले आणि आचार्यांची बाजू मांडू लागला. पहिली वाक्यं अडखळत आली.

"आचार्यांचं म्हणणं असं की, माणूस आहे तिथे भांडण होणारच. भूक लागते तसं ते लागतं. मी मुलांना शाळेत भांडू दिलं नाही. मग भांडायला त्यांना कोणी शिकवलं? आळीने शिकवलं, नदीकाठाने शिकवलं, काठीने शिकवलं. गणित आपण शाळेत शिकवतो, अक्षरं शाळेत शिकवतो, आणि जन्मभर ज्याचं काम पडतं ते भांडण तेवढं रस्त्यावर सोडून देतो. रस्ता त्याला येतं तेच शिकवणार. मी मुलांना गप्प राहायला शिकवलं आणि त्याला शांती म्हणालो. दुसऱ्याचं दुःख आपल्या तोंडाने नीट सांगता येणं, ही शांतीची बाराखडी आहे. ती लहानपणी गिरवली, तरच मोठेपणी हात वळतो."

बोलता बोलता तो थांबला. हे आपल्याला कोणी सांगितलं, ते त्याला आठवेना. आचार्यांनी तर एक अक्षर समजावलं नव्हतं.

"बरोबर मांडलंस," आचार्य म्हणाले. मग ते मुलांकडे वळले. "आता माझी पाळी. तुमच्या गुरुजींचं म्हणणं असं की, हे श्लोक त्यांनी मोठ्या मेहनतीने शिकवले आणि मी ते बंद केले."

शिष्य मानेनेच हो म्हणणार होता, पण आचार्य पुढे बोलत होते. "पण ते खरं दुखणं नाही. खरं दुखणं असं की, त्याने मोठ्या प्रेमाने मला बोलावलं आणि मी नदीवर हसलो. त्याच्या मुलांसमोर हसलो. ती मुलं त्याला जिवापाड प्रिय होती, ती जातील या भीतीने त्याची झोप उडाली होती, आणि त्याचा गुरू वाळूत बसून हसत होता. एकदा त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. मी ठेवला नाही."

शिष्याने इतके दिवस मनातल्या मनात कितीतरी तक्रारी घोळवल्या होत्या. त्यांत ही नव्हती. पण ऐकल्याबरोबर त्याला कळलं की हीच होती. त्याचे डोळे भरून आले, आणि दाजीबांना काल काय झालं असेल ते त्याला आज समजलं.

"बरोबर मांडलंत, आचार्य," तो म्हणाला.